अनामत

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या त्याच्या घरात दूरचित्रवाणीचे दोन संच आहेत. एक बैठकीच्या भिंतीवर टांगलेला, सपाट, काळाशार. बंद असला की आरशासारखा घरच्यांचीच तोंडे दाखवणारा. दुसरा मागच्या खोलीत, शिलाईच्या यंत्राशेजारी, जाड फुगीर काचेचा आणि दोन माणसांनी उचलावा एवढ्या वजनाचा. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत हा दुसरा संच भंगारवाल्याला देण्याचा प्रस्ताव घरात मांडला जातो आणि दर वर्षी तो एकटा त्याविरुद्ध मत देतो. वयाची चाळिशी ओलांडलेला, एका औषध कंपनीत हिशेब पाहणारा हा गृहस्थ इतर कोणत्याही बाबतीत हट्टी नाही. एवढ्या एका गोष्टीत मात्र त्याच्या पत्नीनेही आता हार मानली आहे.

हट्टाचे कारण तांत्रिक आहे, निदान तो तसे सांगतो. 'डक हंट' हा निन्टेंडोचा १९८४ सालचा खेळ. पडद्यावर बदके उडतात आणि खेळणारा प्लास्टिकच्या बंदुकीने ती टिपतो. बंदुकीतून काहीतरी निघते आणि पडद्यावर आदळते, असाच लहानपणी सर्वांचा समज असे. वस्तुतः घडते ते उलटे. बंदूक काही सोडत नाही, ती पाहते. चाप ओढताच निमिषभर सारा पडदा काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीच्या आत बसवलेला प्रकाश ओळखणारा लहानसा भाग त्या काळ्यापाठोपाठच्या पांढऱ्याची वाट पाहतो. जुन्या संचावर तो चौकोन ठरल्या क्षणी उमटतो. नवा सपाट संच चित्र हाती आल्यावर ते सावरून, सजवून मग दाखवतो, आणि तेवढ्या अवधीत बंदुकीची वाट पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणजे भिंतीवरच्या पन्नास इंची पडद्यावर बदके उत्तम दिसतात. फक्त मरत नाहीत. हे सांगताना तो हसतो आणि ऐकणाराही हसतो. खरे कारण त्या संचाखालच्या खणात आहे. पण ते पुढे.

रंगीत दूरदर्शन आपल्याकडे १९८२ साली आले, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. त्यानंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांना करमणुकीची एक नवी रीत कळली : ती विकत न घेता रात्रीपुरती आणायची. व्हीसीआर, त्याच्याबरोबर गरज असेल तर रंगीत टीव्ही, आणि तीन सिनेमांच्या कॅसेटी. हातगाडीवरून किंवा रिक्षातून हे सामान यायचे, गल्लीतली माणसे जमायची आणि पहाटे डोळे चोळीत तिसरा सिनेमा संपायचा. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत असेच एक व्हिडिओ लायब्ररीचे दुकान होते. मालक गुजराती, सारी गल्ली त्यांना काका म्हणे. १९९२ च्या सुमारास घरोघर केबलच्या तारा पोहोचू लागल्या, तेव्हा सिनेमाच्या कॅसेटींवर धूळ बसू लागली आणि काकांनी दुकान तगवण्यासाठी नवा माल आणला. तैवान-चीनकडून येणारी, निन्टेंडोच्या यंत्राची हुबेहूब नक्कल असलेली खेळयंत्रे आणि त्यांत खोचायच्या पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेटी. त्या चौकोनी डबीत फीत नसे, तरी तिला कॅसेटच म्हणत. आणि ती चालेना, की तिच्या दातांवर फुंकर मारीत. या फुंकरीने नेमके काय साधत असे ते कोणी विचारले नाही.

तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता, दादा सोळाचा. वडिलांनी यंत्र विकत घेऊन दिले ते पुढे, दादाच्या दहावीच्या निकालानंतर. आधीचे वर्षभर यंत्रसुद्धा भाड्याचेच होते. शनिवारी संध्याकाळी आणायचे, सोमवारी शाळेआधी पोहोचवायचे. काकांची एक लांबट नोंदवही होती. तिच्यात नाव, कॅसेटचा क्रमांक, नेल्याची वेळ, अनामत रक्कम आणि सही. लहान मुलाची सही चालत नसे. म्हणून दादा सही करी आणि काका 'सोमवारी नऊ, हं!' असे आपल्या वळणाच्या मराठीत बजावीत. उशीर झाला तर दंड. पण दंडापेक्षा त्या दोघांना भीती वाटे ती पुढच्या शनिवारी आपला क्रमांक मागे पडण्याची. कारण 'कॉन्ट्रा'ची चांगली चालणारी कॅसेट दुकानात एकच होती आणि तिच्यावर साऱ्या दांडिया बाजारातील मुलांचा डोळा होता.

त्याच घरात एक दुसरी नोंदही चालू असे. आई मांडवी भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तके आणीत असे. हे ग्रंथालय म्हणजे बडोदेकरांच्या अभिमानाची जागा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले आणि त्याच्याकरवी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली जात. वाचून झाली की पेटी पुढल्या गावी जाई. एवढेच नव्हे, तर त्या खात्याची एक शाखा खेड्यांत चित्रफिती आणि जादूच्या दिव्यांची चित्रे फुकट दाखवीत फिरत असे. आई या साऱ्याचा इतिहास सांगत नसे. ती फक्त कोपऱ्यावर टाचणी ठेवून पुस्तक वाचायची आणि मुदतीच्या आदल्या दिवशी परत करायची. 'लोकांचं आहे, पान दुमडायचं नाही,' असे ती म्हणे. दादाने एकदा तिला विचारले होते, 'मग आमची कॅसेट कुणाची?' आईने थोडा विचार करून उत्तर दिले, 'तीही लोकांचीच. उगाच फुंकर मारून थुंकी नका उडवू तिच्यात.'

भाड्याने आणलेल्या वस्तूचा एक स्वभाव असतो, असे त्याचे फार दिवसांपासूनचे मत आहे. ती घरात पाऊल टाकते तीच परत जाण्याच्या वेळेसकट. त्यामुळे तिच्याकडे कोणी दुर्लक्ष करीत नाही. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ या अवधीत त्या दोघा भावांनी जेवढ्या एकाग्रतेने खेळ खेळला तेवढ्या एकाग्रतेने पुढे आयुष्यात त्याने काही केले नाही, असे तो अर्धवट विनोदाने सांगतो. खेळातली प्रगती साठवण्याची सोय त्या कॅसेटींत नव्हती. यंत्र बंद केले की पहिल्यापासून आरंभ. म्हणून रविवारी दुपारी जेवायला बसताना यंत्र चालूच ठेवायचे, वर ओले फडके घालायचे, कारण वीजजोडाची डबी तापून वास सुटत असे. वीज गेली की संपले. एकदा शेवटच्या टप्प्यावर असताना वीज गेली तेव्हा दादा काही न बोलता गच्चीवर जाऊन बसला होता. त्या दिवशी त्याला प्रथम कळले की मोठी माणसेही हरतात. अर्थात दादा तेव्हा फक्त सोळा वर्षांचा होता.

'कॉन्ट्रा'त खेळाडूला तीन जीव मिळत. आरंभीच्या चित्रावर कळा एका ठरावीक क्रमाने दाबल्या, वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी आणि ए, तर तीस जीव मिळत. ही किल्ली कोणत्याही कागदावर छापून वडोदऱ्यास आलेली नव्हती. खेळाबरोबर माहितीपुस्तिका असते हेच मुळी इथल्या मुलांना ठाऊक नव्हते. पण काकांच्या त्या एका कॅसेटच्या पाठीवर, चिकटपट्टीखाली, कुणा आधीच्या भाडेकरूने बॉलपेनने बाण काढून ठेवले होते. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या समासात अनोळखी हाताने केलेली खूण वाचावी तसे ते बाण या दोघांनी वाचले. ते काढणारा कोण होता हे त्यांना कधी कळले नाही.

पुढे मोठेपणी, वाचनाच्या ओघात त्याला याच बाबीची अमेरिकेतली बाजू कळली आणि तो चकित झाला. तिकडे निन्टेंडोने १९८९ साली ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीवर दावा लावला होता. खेळ भाड्याने देण्यास कायद्याने अटकाव करता येईना, म्हणून भाड्याच्या डबीबरोबर पुस्तिकेच्या छायाप्रती दिल्या या मुद्द्यावर तो दावा होता. १९९० साली अमेरिकी कायदेमंडळाने संगणकप्रणाली भाड्याने देण्यावर बंधन घातले, पण घरगुती खेळयंत्रांच्या डब्यांना त्यातून वगळले. जपानमध्ये मात्र हक्कधारकाच्या संमतीवाचून असा व्यवहार करता येत नाही, त्यामुळे तिथे ती दुकाने रुजलीच नाहीत. अमेरिकेतल्या भाड्याने आणखी एक गंमत केली. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत खेळ संपवून कोणी परत करू नये, म्हणून काही निर्माते तो मुद्दाम अवघड करीत. 'द लायन किंग' या १९९४ च्या खेळाचे दुसरे दालन असेच जीवघेणे होते, आणि ते तसे का केले हे त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने पुढे उघडपणे सांगितले. म्हणजे डल्लासच्या किंवा शिकागोच्या भाडेकरूला आवरण्यासाठी उभारलेली भिंत वडोदऱ्याच्या मुलाने डोके आपटून अनुभवावी, असा हा जगाचा व्यवहार!

इथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, आणि तो ती करतो. काकांच्या दुकानातला बहुतेक माल चोरीचा होता. एका डबीत शेकडो खेळ असल्याची जाहिरात करणाऱ्या त्या कॅसेटींना मूळ निर्मात्याची परवानगी कुठली? शिवाय त्या शेकड्यांत वीस-पंचवीस खेळच नावे बदलून पुनःपुन्हा येत. म्हणजे चोरीतही फसवणूक. १९५७ च्या आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकप्रणाली विकणे वा भाड्याने देणे हा कर्त्याचा अधिकार म्हणून नमूद झाला. काकांना याची खबर असण्याचा संभव नव्हता. ते अनामत चोख परत करीत, मोडकी कॅसेट दिली गेली तर पुढच्या खेपेस पैसे घेत नसत, आणि गल्लीत त्यांच्या सचोटीचा दाखला दिला जाई. चोरीच्या मालावर एवढा प्रामाणिक धंदा कसा उभा राहतो, हे कोडे त्याला अजून सुटलेले नाही. तो ते सोडवण्याचा प्रयत्नही करीत नाही.

आजच्या सोयींवर त्याचा राग आहे असे कोणी समजू नये. महिन्याला ठरावीक रक्कम भरून शेकडो खेळ खुले करणारी योजना त्याच्याही घरी आहे आणि तीवर त्याने असे काही लहान, विलक्षण खेळ खेळले, जे पैसे मोजून त्याने एरवी कधीच घेतले नसते. मासिक वर्गणीला तो भाडेच म्हणतो आणि भाड्याविषयी त्याची तक्रार नाही. भाडे भाड्यासारखे बोलते. एवढेच की आता शनिवार राहिला नाही. सगळेच खेळ सदैव हाताशी असल्याने तो यादी चाळीत बसतो आणि अर्धा तास गेल्यावर काही न खेळता झोपी जातो. टपालाने चकत्या पाठवून १९९८ साली आरंभ केलेल्या नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात शेवटची चकती रवाना केली, ही बातमी वाचून त्याला उगाच चुटपुट लागली. त्या सेवेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही वस्तू घरात येते आणि घरातून जाते, हा व्यवहार संपला याची ती चुटपुट असावी.

त्याचा आक्षेप आहे तो विक्रीवर. विकत घ्या असे लिहिलेली कळ दाबून, पुरती किंमत मोजून जे मिळते ते विकत मिळालेले नसते. 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ लोकांनी पैसे देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याच्या निर्मात्या कंपनीने आपली यंत्रे बंद केली आणि ज्यांच्या कपाटात त्याची चकती होती त्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा करून विक्रेत्यांना हे उघड सांगण्याची सक्ती केली की ग्राहकाला वस्तू नव्हे, वापराचा परवाना मिळतो आहे. त्याला या सक्तीत एक कडवट विनोद दिसतो. काकांनी हे सारे एका सहीत आणि 'सोमवारी नऊ' या दोन शब्दांत सांगितले होते.

ग्रंथालयांची गत तर अधिकच विचित्र. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. ते जतन करणाऱ्या ग्रंथालयांनी अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत, अशी सवलत मागितली गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात तेथील स्वामित्व हक्क कार्यालयाने ती नाकारली. जुना खेळ लोक अभ्यासाच्या नावाखाली करमणूक म्हणून खेळतील, ही भीती त्यामागे होती. कादंबरीविषयी असे भय कोणी बोलून दाखवील का? आईने मध्यवर्ती ग्रंथालयातून आणलेल्या शेकडो कादंबऱ्यांपैकी एकही तिने अभ्यासासाठी आणली नव्हती.

दादा अभियंता होऊन बंगळुरास गेला. तिथे स्थिरावला, लग्न झाले, मुलगा झाला. खेळ सुटला नाही. दोघे भाऊ रविवारी रात्री दूरध्वनीवर बोलत एकमेकांबरोबर खेळत. पडद्यावर दोन शिपाई शेजारी शेजारी धावत आणि आईच्या गुडघेदुखीची चर्चा चाले. दादाने वीस वर्षांत संगणकावर तीनशेहून अधिक खेळ विकत घेतले होते. ते सारे एका कंपनीतल्या त्याच्या खात्यावर होते. २०२१ च्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला. रुग्णालयात अठरा दिवस.

घर, बँकेतली ठेव, गाडी, विमा या सगळ्यांचे कागद करता करता वर्ष गेले. वारसदाखला, मृत्युदाखल्याच्या प्रती, वहिनीच्या सह्या. हिशेबाचे काम त्याच्या अंगवळणी असल्याने ते त्याच्याकडे आले. त्या यादीत शेवटी त्याने ते खातेही लिहिले होते, कारण पुतण्याने विचारले होते, 'काका, बाबांचे गेम माझे होतील ना?' त्याने कंपनीला पत्र लिहिले. उत्तर सौजन्याने आले. घडल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला होता. खाते व्यक्तिगत असून ते दुसऱ्या कोणाच्याही नावे, मृत्युपत्रानेसुद्धा, करता येत नाही असे कळवले होते. खातेदाराचा तपशील पाठवल्यास खाते बंद करण्यात येईल, असेही त्यात होते.

त्याने तपशील पाठवला नाही. परवलीचा शब्द पुतण्याला ठाऊक होता; दादानेच कधीतरी सांगितलेला. तेव्हापासून हे कुटुंब त्या कंपनीच्या दृष्टीने काही न बोलता, मुदत उलटून गेलेली वस्तू घरात ठेवून आहे. काटेकोर हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे सुखाचे नाही. कोणी खाते तपासील, जन्मवर्ष पाहील, हा खेळाडू आता किती वर्षांचा झाला असा प्रश्न एखाद्या यंत्राला पडेल, असे काहीबाही त्याच्या मनात येते.

मागच्या खोलीतल्या संचाखालच्या खणात ती कॅसेट आहे. बाण काढलेली. २००२ च्या सुमारास, काकांचे दुकान बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात, दादा सुटीवर आलेला असताना दोघांनी ती हौसेने पुन्हा आणली होती. यंत्र तोवर घरचे होते. सोमवारी नऊ वाजता परत करायला गेले तर दुकानाला कुलूप. पुढे कळले की काका मुलाकडे सुरतेला गेले. अनामत त्यांच्याकडे राहिली, कॅसेट यांच्याकडे. दादा दर भेटीत म्हणे, 'एकदा सुरतेला जाऊन देऊन येऊ.' ते राहिलेच.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या सुटीला आला. आता तो तेरा वर्षांचा आहे. काकाने त्याला फुगीर काचेच्या संचासमोर बसवले, कॅसेट लावली, बाण दाखवले. त्याने पहिल्याच प्रयत्नात तीस जीव मिळवले आणि ते चौथ्या टप्प्यापर्यंत घालवले. मग स्वतःचा संगणक उघडून त्याने बापाचा खेळ लावला. साठवलेल्या डावांच्या यादीत सर्वांत वर एप्रिल २०२१ ची तारीख होती. एका पुलाचे चित्र, पुलाच्या अलीकडे उभा असलेला घोडेस्वार. काकाने विचारले, हा पुढे का नेला नाहीस? पुतण्या म्हणाला, 'तो बाबांचा आहे.' त्याने यादीत खाली जाऊन आपला डाव उघडला. तोही त्याच पुलाच्या थोडा अलीकडे येऊन थांबला होता. तिथून पुढे जायचे की नाही, हे त्याचे अजून ठरलेले नव्हते.